इंटरनेटच्या कारभाऱ्यांना जाब कोण विचारणार?

२०२५ च्या दिवाळीच्या सुमारास पुण्यातल्या खातेदारांच्या मोबाइलवर बँकांचे मेसेज येऊ लागले: आमच्या संकेतस्थळाचा पत्ता बदलला आहे, यापुढे शेवटी 'डॉट बँक डॉट इन' असेल. पासबुक छापण्याच्या मशीनशेजारीही तशी सूचना चिकटवलेली दिसे. ज्येष्ठ मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर लगेच प्रश्न आला, हा मेसेजच फसवा नसेल कशावरून? प्रश्न अगदी रास्त होता. पत्ता बदलल्याची बतावणी करून लुबाडणाऱ्यांची कमी नाही. पण हा बदल खरा होता. रिझर्व्ह बँकेने तो ७ फेब्रुवारी २०२५ रोजी जाहीर केला आणि बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंतची मुदत दिली. हेतू असा, की या शेपटीचे नाव फक्त खऱ्या बँकेलाच मिळावे.

पण ते देतो कोण? नाव मागणारी बँक खरी आहे की नाही, हे हैदराबादची आयडीआरबीटी तपासते. ती रिझर्व्ह बँकेनेच स्थापन केलेली संस्था. 'डॉट इन'चा सगळा कारभार निक्सी या कंपनीकडे आहे. तिच्या अध्यक्षपदी केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाचे सचिव असतात. आणि 'डॉट इन' निक्सी सांभाळते, हे जगभरच्या संगणकांना सांगणारी यादी ज्या संस्थेच्या ताब्यात आहे तिचे नाव आयकॅन. ती अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या लॉस एंजेलिसमध्ये आहे. बँकेने चूक केली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. निक्सीबद्दल संसदेत प्रश्न विचारता येतो. आयकॅनच्या बाबतीत काय?

यादी कसली?

मोबाइलमध्ये बँकेचा पत्ता टाइप केला की फोनला त्या नावामागचा आकडी पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस, शोधावा लागतो. शोध उजवीकडून सुरू होतो. आधी 'इन' कोण सांभाळतो ते विचारायचे, मग त्याच्याकडे 'बँक'ची चौकशी, मग तुमच्या बँकेचे नाव. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्या यादीत असते तिला रूट झोन म्हणतात. 'डॉट कॉम', 'डॉट ऑर्ग', 'डॉट इन' अशा चौदाशेहून अधिक शेपट्या आणि त्या सांभाळणाऱ्यांच्या नोंदी तिच्यात आहेत. सगळी फाइल काही एमबींची. तिच्या प्रती जगभर वाटणाऱ्या सर्व्हरना १३ नावे आहेत, ते १२ संस्था चालवतात, आणि एका नावाखाली ठिकठिकाणी अनेक यंत्रे चालतात. काही यंत्रे मुंबईतही आहेत.

आयकॅन कुठलेही पान वाचत नाही, कुठलाही व्हिडिओ हटवू शकत नाही. तिच्या हातात एवढेच आहे: यादीत नवी शेपटी घ्यायची का, ती कोणाला द्यायची आणि कुठल्या अटींवर. ऐकायला हे किरकोळ वाटते. पण २०१२ मध्ये नव्या शेपट्यांसाठी अर्ज मागवले तेव्हा प्रत्येक अर्जाचे शुल्क १,८५,००० डॉलर होते आणि तरीही १,९३० अर्ज आले. २०२६ च्या फेरीसाठी शुल्क २,२७,००० डॉलर ठरले आहे. एवढा पैसा जिथे फिरतो तिथे नियम कोण करतो आणि त्याचा हिशेब कोण मागतो, हे विचारावेच लागते.

अमेरिकेने हात काढला, पुढे?

सुरुवातीला ही यादी जॉन पोस्टेल नावाचा एक संगणकशास्त्रज्ञ सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून सांभाळत असे. १९९८ मध्ये आयकॅन स्थापन झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पोस्टेल वारले. त्यानंतर अमेरिकेच्या वाणिज्य खात्याशी आयकॅनचा करार होता आणि यादीतल्या प्रत्येक बदलावर त्या खात्याची संमती लागे. म्हणजे भारताला 'डॉट इन'च्या नोंदीत काही बदलायचे तरी शेवटची मान वॉशिंग्टनने डोलवायची. २०१३ मध्ये अमेरिकी हेरगिरीची प्रकरणे बाहेर आल्यावर ही व्यवस्था टिकणे कठीण झाले. मार्च २०१४ मध्ये अमेरिकेने आपण बाजूला होऊ असे जाहीर केले, आणि चार अमेरिकी राज्यांनी कोर्टात घातलेला खोडा शेवटच्या दिवशी फेटाळला गेल्यावर, ३० सप्टेंबर २०१६ संपताच करार संपला. त्यानंतर नोव्हेंबरमध्येच आयकॅनची सभा आपल्या हैदराबादला भरली.

पुण्यात सोसायटीत राहणाऱ्याला यापुढचा पेच चटकन कळेल. सोसायटीत व्यवस्थापन समिती असते, तिच्या डोक्यावर सर्वसाधारण सभा असते आणि बाहेर उपनिबंधक असतो. समितीने लिफ्टच्या दुरुस्तीचे बिल दडवले तर सभासद सभेत उभा राहून विचारतो. तिथे दाद लागली नाही तर उपनिबंधकाकडे अर्ज करतो. २०१६ मध्ये आयकॅनचा उपनिबंधक गेला, आणि सर्वसाधारण सभा तर मुळातच नव्हती. कारण कायद्याच्या भाषेत आयकॅनला सभासदच नाहीत. संचालक मंडळ आहे, कर्मचारी आहेत, सभांना येणारे हजारो लोक आहेत. पण समितीला घरी पाठवू शकेल असा सभासद एकही नव्हता.

त्यावर दोन वर्षे कीस पाडला गेला. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात सभासदाला फार व्यापक अधिकार मिळतात, म्हणून संचालक मंडळाचा त्याला विरोध होता. शेवटी मधला मार्ग निघाला. पाच गटांचा मिळून एक 'अधिकारप्राप्त समुदाय' बनवायचा आणि संचालक नेमण्याचा व काढण्याचा हक्क त्याला द्यायचा. आकडी पत्ते वाटणाऱ्या संस्था, देशांच्या शेपट्या सांभाळणारे, 'डॉट कॉम'सारख्या सर्वसाधारण शेपट्यांशी संबंधित व्यापारी व बिगरव्यापारी मंडळी, सामान्य वापरकर्ते आणि सरकारे असे हे पाच गट. ते अंदाजपत्रक नाकारू शकतात, एखाद्या संचालकाला काढू शकतात आणि पाचपैकी चार गट तयार असतील व एकाहून अधिक विरोधात नसतील, तर संपूर्ण मंडळ बरखास्त करू शकतात.

कागदावर ही व्यवस्था भक्कम आहे, आणि जगातल्या फार थोड्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी स्वतःला असा लगाम घालून घेतला आहे, हे मान्य करायला हवे. मंडळ बरखास्त करण्याची वेळ आजवर आलेली नाही. पण हा लगाम इतका जड आहे, की रोजच्या कारभारातल्या चुकांना तो लागतच नाही. चुका अंदाजपत्रकात कमी आणि करारांत जास्त होतात. करारांना थेट नकार देण्याचा अधिकार मात्र या समुदायाकडे नाही.

'डॉट ऑर्ग' विकायला काढले तेव्हा

पुण्यातल्या कितीतरी सामाजिक संस्था, ट्रस्ट, ग्रंथालये 'डॉट ऑर्ग'वर आहेत. ही शेपटी पब्लिक इंटरेस्ट रजिस्ट्री ही ना-नफा संस्था सांभाळते आणि ती इंटरनेट सोसायटी या दुसऱ्या ना-नफा संस्थेची आहे. नावाची घाऊक किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही, अशी अट जुन्या करारात होती. २०१९ मध्ये ही अट काढून टाकण्याचा प्रस्ताव आला. तीन हजारांहून अधिक लोकांनी मते नोंदवली आणि त्यातली जवळजवळ सगळी विरोधात होती. ३० जून २०१९ रोजी अट तरीही काढली गेली.

नोव्हेंबरमध्ये बातमी आली, की ही रजिस्ट्री १ अब्ज १३ कोटी ५० लाख डॉलरना एथॉस कॅपिटल नावाच्या नव्या खासगी गुंतवणूक कंपनीला विकली जाणार. एक कोटीहून अधिक नावांचा पसारा आणि दरांवर मर्यादा नाही! शिवाय आयकॅनचे माजी प्रमुख फादी शहादे या कंपनीशी जोडलेले आहेत, हेही पुढे आले. जगभरच्या संस्थांनी आवाज उठवला. जानेवारी २०२० मध्ये लॉस एंजेलिसला आयकॅनच्या कचेरीबाहेर निदर्शने झाली. तरी पारडे कोणत्या बाजूला झुकेल हे एप्रिलपर्यंत स्पष्ट नव्हते. १५ एप्रिलला कॅलिफोर्नियाचे ॲटर्नी जनरल हाविएर बेसेरा यांनी विक्रीला विरोध करणारे पत्र आयकॅनला लिहिले आणि ३० एप्रिल २०२० रोजी मंडळाने परवानगी नाकारली.

निकाल चांगला लागला. पण तो कोणामुळे लागला हे पाहिले, की काळजी वाटते. २०१६ ला एवढ्या मेहनतीने उभा केलेला समुदाय निर्णायक ठरला नाही. लोकांचा रेटा होता, पण काटा फिरवला तो एका अमेरिकी राज्याच्या कायदा अधिकाऱ्याने, आणि तेही आयकॅनची नोंदणी त्याच्या राज्यात आहे म्हणून. जागतिक देखरेख अशी योगायोगावर चालता कामा नये.

पंचांकडे दाद मागता येते, पण

दाद मागायला आयकॅनकडे एक स्वतंत्र पंचव्यवस्था आहे. संस्थेने स्वतःचेच उपविधी मोडले, असे ज्याला वाटते तो तिथे जाऊ शकतो. तिचा पहिला मोठा निकाल फेब्रुवारी २०१० मध्ये 'डॉट एक्सएक्सएक्स' या शेपटीच्या वादात आयकॅनच्या विरोधात लागला, पण तो बंधनकारक नव्हता. २०१६ पासून निकाल बंधनकारक झाले. ही खरी प्रगती आहे.

अडतो तो पैसा आणि वेळ. त्या पहिल्या प्रकरणात निव्वळ पंचांचाच खर्च चार लाख डॉलरच्या वर गेला होता, वकील वेगळे. 'डॉट ऑर्ग'ची दरमर्यादा काढल्याबद्दल नेमचीप या नोंदणी कंपनीने फेब्रुवारी २०२० मध्ये दाद मागितली. निकाल आला डिसेंबर २०२२ मध्ये. मर्यादा काढण्याचा निर्णय आयकॅनने खुल्या आणि पारदर्शक रीतीने घेतला नाही, हे पंचांनी मान्य केले. तोवर साडेतीन वर्षे उलटली होती आणि मर्यादा काही आपोआप परत आली नाही. एखाद्या मोठ्या कंपनीला ही लढाई परवडते. नारायण पेठेतल्या ट्रस्टला परवडेल का? कायमस्वरूपी पंचमंडळ नेमायची तरतूद उपविधींत होती, ती अनेक वर्षे तशीच पडून राहिली.

माहिती मागण्याचेही तसेच. आयकॅनकडे कागदपत्रे मागता येतात आणि ३० दिवसांत उत्तर देणे तिला बंधनकारक आहे. मुदत आपल्या माहिती अधिकार कायद्याइतकीच. पण आपल्याकडे माहिती नाकारली तर पहिले अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे गेले, तरी दुसरे वेगळ्या माहिती आयुक्ताकडे जाते. आयकॅनमध्ये फेरविचार संचालक मंडळाकडेच. ज्याने नाकारले त्याच घरात पुन्हा विचारायचे.

आफ्रिकेत काय बिघडले

नावांइतकेच महत्त्व आकडी पत्त्यांना आहे. ते वाटायला जगात पाच प्रादेशिक संस्था आहेत. आपला विभाग ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या ॲपनिककडे, आफ्रिकेचा मॉरिशसच्या ॲफ्रिनिककडे. जुन्या पद्धतीचे, आयपीव्ही४ प्रकारचे पत्ते जवळजवळ संपले आहेत, त्यामुळे एकेका पत्त्याला बाजारात कित्येक डॉलर मोजले जातात. २०१९ मध्ये उघड झाले, की ॲफ्रिनिकच्या नोंदी आतल्याच माणसाच्या हातून फिरवल्या गेल्या आणि लाखो पत्ते भलत्यांच्या नावावर गेले. त्यानंतर पत्ते मोठ्या प्रमाणावर घेतलेल्या एका कंपनीशी वाद कोर्टात गेला. जुलै २०२१ मध्ये मॉरिशसच्या कोर्टाने संस्थेची बँक खाती गोठवली. पुढे संचालक मंडळाची गणसंख्याही उरली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये कोर्टाने रिसीव्हर, म्हणजे तात्पुरता कारभार पाहणारा अधिकारी, नेमला, जून २०२५ ची निवडणूक मुखत्यारपत्रांच्या घोळामुळे रद्द झाली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये कुठे नवे मंडळ निवडून आले.

एका खंडाची पत्ते वाटणारी संस्था चार वर्षे अशी लटकत होती, आणि बाहेरून कोणालाही अधिकृतपणे काही करता येत नव्हते. कारण प्रादेशिक संस्थेला मान्यता कशी द्यायची याचे निकष २००१ च्या एका दस्तऐवजात होते. मान्यता कधी आणि कशी काढायची, याबद्दल त्यात काहीच नव्हते. आता त्याच्या जागी नवा मसुदा तयार होत आहे. माझ्या मते येत्या काळातला हा सर्वात महत्त्वाचा कागद आहे, आणि त्याच्याबद्दल सर्वात कमी बोलले जाते.

मग सगळे संयुक्त राष्ट्रांकडेच का देत नाही?

भारताने हेच सुचवले होते. ऑक्टोबर २०११ मध्ये आपण ५० देशांच्या सरकारांची समिती नेमावी असा प्रस्ताव संयुक्त राष्ट्रांत मांडला. जून २०१५ मध्ये आयकॅनच्या ब्यूनॉस आयर्सच्या सभेत मात्र भारताने सरकार, उद्योग, तंत्रज्ञ आणि नागरिक अशा सर्वांनी मिळून चालवायच्या पद्धतीला पाठिंबा दिला. ही भूमिका बदलली ते बरे झाले, असे मला वाटते. २८ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनने रशियाची 'डॉट आरयू' शेपटी रद्द करा अशी मागणी आयकॅनकडे केली. युक्रेनवर हल्ला झालेला, मागणीमागची वेदना खरी. आयकॅनने दोनच दिवसांत नकार दिला: शिक्षा करणे आमचे काम नाही, आणि इंटरनेट तोडल्याने सामान्य रशियन माणसाला बाहेरची माहिती मिळणेही बंद होईल. तिथे सरकारांचे मतदान असते, तर यादी राजकारणाचे हत्यार बनायला एक ठराव पुरला असता.

पण आयकॅन अमेरिकी कायद्याखालीच आहे ना?

आहे, आणि हा आक्षेप सहज झटकण्यासारखा नाही. दहशतवादी हल्ल्यातल्या पीडितांनी इराणविरुद्ध मिळवलेल्या हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी इराणची 'डॉट आयआर' शेपटीच जप्त करा, असे अमेरिकी कोर्टात मागितले होते. ऑगस्ट २०१६ मध्ये अपील कोर्टाने नकार दिला. पण उद्या वेगळा न्यायाधीश वेगळे म्हणू शकतो. आयकॅनला दुसऱ्या देशात हलवणे हा त्यावर उपाय नव्हे; कुठेही नेली तरी कुठल्यातरी देशाचा कायदा लागणारच. यादीला जप्तीपासून आणि निर्बंधांपासून कायदेशीर संरक्षण मिळवणे शक्य आहे, आणि भारताने तोच आग्रह धरायला हवा.

उघडपणा जमतो, हे तिथेच दिसते

रूट झोनमधल्या नोंदी बनावट नाहीत हे संगणकांना पडताळता यावे म्हणून त्यांवर डिजिटल सही असते. त्या सहीची किल्ली वर्षातून चार वेळा बाहेर काढतात, कधी कॅलिफोर्नियातल्या एल सेगुंडोत, कधी व्हर्जिनियातल्या कल्पेपरमध्ये. तिजोरी उघडताना जगाच्या निरनिराळ्या भागांतून निवडलेले विश्वस्त हजर असतात आणि सातपैकी किमान तिघे असल्याशिवाय यंत्र चालू होत नाही. प्रत्येक पायरी छापील संहितेतून मोठ्याने वाचली जाते, तिच्यापुढे वेळ टाकून सही होते. सगळे कॅमेऱ्यासमोर आणि थेट प्रक्षेपित. फेब्रुवारी २०२० मध्ये तिजोरीचे कुलूपच बिघडले आणि कार्यक्रम पुढे ढकलावा लागला, तर तेही आयकॅननेच जगाला सांगितले. कोणीही घरबसल्या पाहू शकतो अशी ही पद्धत आहे.

'डॉट ऑर्ग'ची दरमर्यादा काढणारी आणि ही किल्ली काढणारी संस्था एकच. किल्लीच्या बाबतीत जी शिस्त आहे ती पैशाच्या बाबतीत का नाही? एक कारण उत्पन्नात आहे. आयकॅनचा बहुतेक पैसा शेपट्या चालवणाऱ्या आणि नावे नोंदवणाऱ्या कंपन्यांकडून, मुख्यतः दर नावामागे काही सेंट असा येतो. 'डॉट कॉम' चालवणाऱ्या व्हेरीसाइनने तर २०२० च्या कराराच्या वेळी पाच वर्षांत दोन कोटी डॉलर द्यायचे मान्य केले, आणि त्याच करारात तिला दरवाढीची मुभा मिळाली. ज्यांच्यावर लक्ष ठेवायचे त्यांच्याकडूनच पगार निघत असेल, तर निर्णयाची कारणे लेखी, तपशीलवार आणि निर्णयाआधी जाहीर झाली पाहिजेत. आयकॅन सोडणाऱ्या बड्या अधिकाऱ्याला काही वर्षे या धंद्यात जाता येऊ नये. पंचांकडे जाण्याचा छोट्या संस्थांचा खर्च आयकॅननेच उचलावा. आणि समीक्षा समित्यांच्या शिफारशी धूळ खात पडू नयेत: नव्या शेपट्यांमुळे स्पर्धा वाढली का, हे तपासणाऱ्या समितीने २०१८ मध्ये ३५ शिफारशी दिल्या, मंडळाने मार्च २०१९ मध्ये त्यातल्या फक्त सहा सरळ स्वीकारल्या. नाकारायला हरकत नाही. पण पुढे ढकललेल्या शिफारशीला तारीख हवी.

पुण्यातून यात काय करता येईल

वाटते त्यापेक्षा बरेच. देवनागरीतली 'डॉट भारत' ही शेपटी ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाली. भारतीय भाषांतल्या संकेतनावांसाठी पुण्याच्या सी-डॅकमध्ये बराच काळ काम झाले आहे. देवनागरीतली कोणती अक्षरे शेपटीत चालतील हे भारतीय लिपींच्या तज्ज्ञगटाने ठरवले. त्यात मराठीचा 'ऱ्य' हा खास प्रश्न होता: 'दर्या' आणि 'दऱ्या' वेगळे राहायला हवेत, पण त्यासाठी संगणकात वापरले जाणारे अदृश्य जोडचिन्ह रूट झोनमध्ये चालत नाही. दुसऱ्या मार्गाने 'ऱ्य'ला जागा मिळाली, कारण तो विषय माहीत असलेली माणसे त्या टेबलाशी बसली होती.

आयकॅनचा जवळजवळ प्रत्येक प्रस्ताव लोकांच्या मतांसाठी खुला असतो, साधारण ४० दिवस. मत द्यायला कुठलेही सदस्यत्व लागत नाही. सभांना नवख्यांना नेणारी शिष्यवृत्ती आहे, आणि संगणकशास्त्र, कायदा, अर्थशास्त्र शिकणाऱ्या पुण्यातल्या मुलामुलींनी तिच्यासाठी अर्ज करायला हवेत. अडसर भाषेचा आहे. महत्त्वाचे दस्तऐवज इंग्रजी, अरबी, चिनी, फ्रेंच, रशियन आणि स्पॅनिशमध्ये निघतात. एकाही भारतीय भाषेत नाहीत. हे काम निक्सीने अंगावर घ्यावे. प्रत्येक खुल्या प्रस्तावाचा दोन पानी मराठी गोषवारा मुदत संपायच्या किमान तीन आठवडे आधी जाहीर करावा आणि भारताच्या वतीने आयकॅनच्या सभेत कोणती भूमिका मांडली, हे सभेनंतर त्याच ठिकाणी छापावे.